उजेडाचा चिमटा

तीर्थस्वरूप मामांस,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी आणलेला पट्टा बांधता की खुंटीला अडकवून ठेवता? मी बरा आहे (सर्दी आहे, पण ती माझी नेहमीचीच).

मी शास्त्रज्ञ झालो असं आईने तुम्हाला सांगितलं असेल. झालेलो नाही. प्रयोगशाळेत मदतनीस आहे, तोही इथल्या प्रमुख बाई पारखून बघताहेत तोवर. काम तुमच्या घड्याळदुरुस्तीसारखंच, फक्त चिमटा उजेडाचा. पाण्याच्या थेंबात डोळ्यांना न दिसणारे काचेचे दाणे असतात. सूक्ष्मदर्शकातून बारीक झोत सोडला की दाणा त्यात अडकतो आणि नेऊ तिकडे निमूट येतो. असे दाणे एकेका झोतात धरून, ओळींत मांडून मधाच्या पोळ्यासारखी नक्षी करायची, मग ती चिकटवायची. (मलाही आधी ही थापच वाटली होती.)

मंगळवारी बाईंनी सकाळभर खपून नक्षी मांडली आणि चहाला गेल्या. चिकटवणं बाकी होतं. मी हात धुवायला निघालो आणि आईची शिकवण आडवी आली : खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद. मी सगळे झोत बंद केले. परत येऊन पाहतो तर शाळा सुटल्यासारखे दाणे चौफेर. बाईंनी विचारलं, दिवा का मालवलास? म्हटलं, खोलीत कोणी नव्हतं. म्हणाल्या, “दाणे होते की.” मग खुर्ची पुढे सरकवली. “आता तूच मांड. नाही जमलं तर घरी जा.”

मामा, मी खुर्चीत बसलो. एक दाणा धरावा तर शेजारचा आगंतुकासारखा त्याच झोतात घुसतो, आणि त्याला बाहेर काढणं म्हणजे लग्नाच्या फोटोतून आत्याच्या यजमानांना बाजूला करणं. शिंक आली की नाक दाबून जिन्यापर्यंत धावायचो, शिंकायचो, परत यायचो. संध्याकाळी शेवटचा दाणा बसला. बाईंनी निळा प्रकाश टाकून सगळे चिकटवले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “तिसरी ओळ वाकडी आलीय. उद्याची नीट मांड.” मी ओशाळून निघालो. त्या ‘उद्या’ म्हणाल्या, हे जिना उतरल्यावर ध्यानात आलं.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. दुकानातली माझी खुर्ची तुम्ही अजून कोणाला दिली नाही, असं आई म्हणते. ती आता द्या. हे लिहायचा धीर होईना, म्हणून पत्र लांबलं.

आणखी ता. क. : पण घाई नको. पुढच्या नक्षीचे दाणे आकाराने याच्या निम्मे आहेत, असं आत्ताच कळलं. ते जमेपर्यंत खुर्चीवर नुसती पिशवी ठेवा.