आबांच्या ताटलीतली सफरचंदाची भजी

बुधवार, संध्याकाळ

हाताचा तेलाचा वास जात नाही. दोनदा साबण लावला.

सासऱ्यांना, आबांना, परवा दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरांनी मला आन् ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या. आबांना मात्र 'बरं वाटतंय म्हणून सोडलं' असंच सांगितलंय. भेटायला येणारा प्रत्येकजण किलोभर सफरचंदं आणतो. न्हावरे गावच्या पाहुण्यांनी तर दोन किलो आणली. आबांना ती चाववत नाहीत. म्हटलं, बेसनात बुडवून तळावीत, मऊ होतील. डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यापासून दोन वर्षं त्यांच्या पुढ्यातली भजी मीच उचलायची. आज मीच ताटली घेऊन गेले. कुठून सुचलं हे मला?

आबांनी एक भजं उचलून बघितलं.

"पोरी, तळलेलं द्यायला लागलीस. म्हंजी डॉक्टरनी हात टेकले व्हय?"

मी ताटली त्यांच्या हाताशी सरकवली.

त्यांनी भजं सावकाश, सगळं खाल्लं. मग म्हणाले, "मला कळलंय म्हून माझ्या पोराला सांगू नगं. लई हळवा हाय तो."

हे आता कंपनीतून येतील. वासावरून दारातच विचारतील, आज काय तळलंस म्हणून. भज्यांचं सांगेन, आबांचं बोलणं नाही.