चप्पल म्हणजे पाणी

९ जून, हैदराबाद

डायरेक्टरगारूंनी आज चौथ्यांदा कागद परत केले. म्हणाले, सत्तिबाबू, मारामाऱ्या सात झाल्या, गाणी पाच झाली, हसायचं कुठं? हिरो हिरे शोधतोय, गुंड हिरे शोधतायत, आणि ते कुठं लपवलेत हे ज्या एकट्या म्हाताऱ्याला ठाऊक, तो डोक्यात काठी बसून बेशुद्ध. बेशुद्ध माणसाला कोण हसतं?

खरं आहे त्यांचं. चार लेखक महिनाभर एका खोलीत इडल्या खातोय. पडद्यावर नाव एकाचंच येणार. याही वेळी माझं आलं नाही तर गावी पालकोल्लूला परत जाऊन नारळ सोलायचे.

१२ जून

अक्काचा फोन. बावगारूंना दवाखान्यातून घरी आणून महिना झाला. ये एकदा, म्हणाली, तुला बघून त्यांना उभारी येईल. इथं काही सुचतच नाहीये. जाऊन येतो.

१५ जून, पालकोल्लू

बावगारू, म्हणजे अक्काचे यजमान. वीरभद्रम हे नाव गावात कुणी घेत नाही, माइक वीरभद्रम म्हणतात. तीस वर्षं रिक्षात भोंगा लावून नव्या सिनेमाची हाळी दिली. कालव्याच्या या काठाला तोंड उघडलं की त्या काठाच्या बायका हातातलं काम टाकून ऐकायच्या. मला सिनेमाचं खूळ लावलं ते त्यांनीच.

आता अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात लुळा. चालतात, पण पाय ओढत. आणि शब्द! डोकं शाबूत आहे, समोरचं सगळं कळतं, फक्त तोंडातून भलताच शब्द निघतो. पाणी हवं असलं की म्हणतात चप्पल. भाताला कलेक्टर. डॉक्टरला म्हैस. अक्काला चक्क स्टेशन.

मला बघून डोळे भरले त्यांचे. डाव्या हातानं माझा हात धरला आणि म्हणाले, "बस लागली." मी अक्काकडे बघितलं. ती म्हणाली, आनंद झालाय त्यांना.

दुपारी जेवताना एकदम ताठ बसले. "स्टेशन, कलेक्टर जळाला." अक्का तशीच उठून चुलीकडे पळाली. भात खरंच करपला होता! मला हसू आवरेना. अक्काही हसली, तेही हसले. तिघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. शब्द सापडत नसला की ते डाव्या हातानं मांडीवर थाप मारतात, दोनदा, आणि माफी मागितल्यासारखं हसतात. बघण्यासारखं आहे.

अक्का भोळी. कुठल्या शब्दाला काय, सगळं मला कौतुकानं सांगत बसली. दवाखान्यातल्या बाईनं बजावलंय म्हणे, चुकीचं का होईना, बोलू द्या. बोलणं थांबलं तर जीभ कायमची मिटेल. म्हणून ती त्यांना मुद्दाम एकटं दुकानात पाठवते. किराणावाला शिकलाय, चहावाला शिकलाय. चप्पल म्हटलं की मुकाट पाण्याचा पेला पुढं करतात.

संडासात जाऊन लिहून घेतलं. सत्तावीस शब्द.

१८ जून, हैदराबाद

सांगितलं. म्हातारा बेशुद्ध नाही. शुद्धीवर येतो, पण शब्दांची अदलाबदल झालेली. गुंड विचारतात हिरे कुठायत. तो म्हणतो, कलेक्टरच्या पोटात! गुंड जातात आणि कलेक्टरला पळवतात. मागोमाग हिरो. बंगल्यावर मारामारी. आणि हिरे मुळात तांदळाच्या कोठीत!

मग डायरेक्टरगारू जे हसत सुटले ते खुर्चीवरून घसरले. बाकीचे तिघे लेखक उशिरा हसले. त्यांचे चेहरे बघायला काय मजा आली!

२ जुलै

म्हाताऱ्याच्या कामाला कोंडलराव ठरले. एवढे मोठे विनोदी नट, आणि माझ्यासमोर शिष्यासारखे बसले. मी करून दाखवलं. लुळा हात, ओढता पाय, मांडीवरच्या दोन थापा, ते हसू. त्यांनी चार वेळा करायला लावलं. मग विचारलं, "हा खरा माणूस आहे ना? आहे का तो?"

मी म्हटलं, गेले.

"मग हरकत नाही," म्हणाले. पहिल्या दिवशी त्यांच्या नावानं नारळ फोडतो, म्हणाले.

लिहिताना जरा कसंतरी वाटतंय. पण बोलण्याच्या ओघात गेलं तोंडातून.

११ ऑगस्ट

शूटिंग सुरू. कोंडलरावांनी खरंच नारळ फोडला, डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहिले. मीही हात जोडले. काय करणार!

३० सप्टेंबर

गुंड म्हाताऱ्याला उलटा टांगून थोबाडीत मारतात तो सीन. प्रत्येक फटक्याला नवा शब्द. लाइटवाले वर बसून इतके हसत होते की आवाज तीनदा पुन्हा घ्यावा लागला. लिहिले होते बारा शब्द. कमी पडले म्हणून उरलेले पंधराही दिले.

२१ नोव्हेंबर

अक्काचा फोन. बावगारूंना आता चाळीसेक शब्द बरोबर येतात. परवा पाण्याला पाणीच म्हणाले! दिवसभर म्हणत राहिले, तहान नसताना. अक्का रडत सांगत होती. संक्रांतीला तुझा सिनेमा लागतोय ना, त्यांना घेऊन जाते, रिक्षात बसून हाळी द्यायला निघालेत ते, म्हणाली.

मी म्हटलं, गर्दी असते गं, थांब जरा. मी स्वतः येऊन नेतो.

१३ जानेवारी

लागला! सकाळच्या खेळाला दोन थिएटरं फिरलो. हिरो आला की शिट्ट्या, कागदाच्या चिंध्या. पण कोंडलरावांनी "चप्पल! चप्पल!" म्हटलं आणि छप्पर उडालं. अख्खं थिएटर मांडीवर थापा मारत होतं — दोन थापा. लेखक म्हणून नाव माझं. एकट्याचं.

१६ जानेवारी

इथल्या चौकातला चहावाला गिऱ्हाइकाला विचारतोय, चप्पल गरम देऊ की थंड. रिक्षांच्या पाठीवर "कलेक्टर जळाला" रंगवलंय. तीन दिवसांत! निर्माते फोनवर मला "बाबू" म्हणाले. आधी "ए" म्हणायचे.

अक्काचा फोन नाही. सणाची कामं असतील.

२ फेब्रुवारी, पालकोल्लू

युनिट गावोगाव फिरतंय. आज आमच्या गावात सत्कार. फुलांचा हार, फेटा, जुने मास्तर पहिल्या रांगेत. माइक हातात दिला तेव्हा वाटलं, याच गावात... असो.

मग मिठाई घेऊन अक्काकडे गेलो. दार अक्कानं उघडलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बावगारू आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. मी पाया पडलो. वळले नाहीत.

अक्का स्वयंपाकघरात बसून तांदूळ निवडत होती. तिथूनच, माझ्याकडे न बघता, तिनं सगळं सांगितलं.

माझी वाट बघितली नाही तिनं. पहिल्याच दिवशी, दुपारच्या खेळाला घेऊन गेली. स्वतः लग्नातली साडी नेसली, त्यांना इस्त्रीचा शर्ट. माझं नाव आलं तेव्हा त्यांनी एका हातानं मांडीवर टाळी वाजवली. मग कोंडलराव आले. "चप्पल" म्हणाले. बावगारूंना वाटलं, आपल्यासारखाच कुणी आहे. आपलं बोलणं बोलणारा! ते उठून उभे राहिले आणि पडद्याकडे बघून त्याला उत्तर द्यायला लागले. स्टेशन, चप्पल, कलेक्टर, सगळं. मागचे लोक खो खो हसले. कुणीतरी ओळखलं, अरे हा तर आपला माइक वीरभद्रम, काय हुबेहूब नक्कल करतोय! वन्समोअर, वन्समोअर म्हणून ओरडले. तर त्यांनी पुन्हा केलं. तीनदा केलं. किती दिवसांनी एवढी माणसं त्यांचं ऐकत होती.

मग पडद्यावर त्या माणसाला उलटा टांगून थोबाडीत मारायला लागले. तेव्हा खाली बसले. अक्का म्हणाली, त्यांना कळलं ते मला दिसलं.

मी म्हटलं, अक्का, लोक प्रेमानं हसतायत गं. त्या पात्रावर जीव जडलाय लोकांचा.

तिनं सूप खाली ठेवलं.

"तू विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीस. हो ना, सत्ती?"

मिठाई तिथंच ठेवून निघालो.

३ फेब्रुवारी, पालकोल्लू

निघायच्या आधी चहाच्या टपरीवर गेलो. टपरीवाल्यानं पैसे घेतले नाहीत, माझ्यामुळे धंदा वाढला म्हणे. त्यानंच हसत हसत सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी बावगारू आले होते. उन्हातून आले होते, घाबरे झाले होते, शब्द सापडेना. दोनदा थाप मारली, आणि बऱ्याच दिवसांनी पुन्हा निघालं — चप्पल. यानं बशीत खरी चप्पल ठेवून पुढं केली. बाकावरची माणसं हसून हसून लोळली. बावगारू बशीकडे बघत उभे राहिले. मग पाय ओढत घरी गेले.

त्या दिवसापासून बोललेले नाहीत. पाणी नाही, चप्पल नाही, काहीच नाही.

टपरीवाल्याला वाटलं मला हसू येईल. आलं नाही. पण फुकटचा चहा पिऊन टाकला.

७ फेब्रुवारी, हैदराबाद

अक्काचा फोन लागत नाही. वाजतो, मग तुटतो.

२० मार्च

कोंडलरावांना पुरस्कार. भाषणात म्हणाले, हे ज्या दिवंगत माणसाचं आहे त्याच्या आत्म्याला वाहतो. सगळे उभे राहिले. मीही राहिलो.

कार्यक्रम टीव्हीवर होता. अक्कानं बघितला असेल का? तिनं बघितला नसू दे. एवढं एकच मागणं.

२ एप्रिल

बघितला होता. पोस्टकार्ड आलं. एकच ओळ — "मी अजून कुंकू लावते."

२५ मे

दुसऱ्या भागाची घोषणा. निर्माते म्हणाले, हिरो कुणीही चालेल, म्हातारा तोच हवा! नवे शब्द हवेत. शंभर.

बसलो. मनानं रचलेले शब्द लिहिले. हत्ती, टेबल, मुख्यमंत्री. वाचून दाखवले. कुणी हसलं नाही. डायरेक्टरगारू म्हणाले, पहिल्या वेळी कुठून आणले होतेस? तिथंच जा.

१९ जून

गेलो नाही. नाही जाणार. एवढा नीच नाही मी. सकाळी देवळात जाऊन आलो, शपथ घेतली. बावगारूंच्या उपचाराचं मी बघायचं, त्यांना इथं मोठ्या डॉक्टरांकडे आणायचं, आणि तो म्हातारा या सिनेमातून काढायचा. निर्मात्यांना लिहूनच देतो तसं. मन हलकं झालं. किती महिन्यांनी!

८ जुलै

अक्काचा फोन आला! स्वतःहून. आवाज कोरडा होता, पण केला तिनं.

बावगारू बोलले. साडेपाच महिन्यांनी. काल संध्याकाळी, दिवेलागणीला. "सत्ती," म्हणाले. स्पष्ट. माझं नाव!

मला पुढचं ऐकूच येईना. म्हटलं, अक्का, आत्ता निघतो, उद्या सकाळी पोचतो.

ती म्हणाली, ऐकून घे आधी. त्यांनी सारखंच लावलं, सत्ती, सत्ती. मीही आधी तुझ्यासारखंच धरलं. तुझा फोटो आणून दाखवला, तर त्यांनी मान हलवली. पाणी दिलं, नाही. भात दिला, नाही. मग त्यांनी बोट केलं. रस्त्याकडच्या खिडकीत पोरं जमली होती, रोज जमतात. मांडीवर थापा मारत होती.

"खिडकी लाव, असं म्हणत होते ते," अक्का म्हणाली. "तुझ्या नावाचा आता तोच अर्थ झालाय. तुला माहीत असावं म्हणून फोन केला. येऊ नकोस."

स्वतःच्या तोंडाची शिसारी आली.

९ जुलै

बैठक. कुणाला काही सुचत नव्हतं, आणि डायरेक्टरगारू माझ्याकडेच बघत होते. खिडकीचं सांगितलं. सगळे हसले. सीन बाविसावा.