हिरवा उजळला त्याच्या हातून

घरधनीणबाईंना दूरच्या धन्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

इथे प्रयोगशाळेत आम्ही धुळीहूनही बारीक स्फटिक बनवतो. तापत्या तेलात थोडा वेळ वाढले तर हिरवे चमकतात, जास्त वाढले की लाल. बाटल्या धुता धुता मी ही विद्या शिकलो. बारा वर्षं हिरवा रंग माझाच. आता रसायनातला एक पदवीवाला डॉक्टर आलाय. सगळे त्याच्यामागे, मी आपला पुन्हा बाटल्यांकडे.

काल त्याच्या चंबूत ढवळणारं चुंबक अडकलं. आवाज बदललेला फक्त मला कळला. ढवळणं थांबलं की स्फटिक लहानमोठे होतात, रंग गढूळतो. म्हटलं, नासू दे. तीन श्वास बाटलीच घासत राहिलो. मग राहवेना. "अहो डॉक्टर, चुंबक अडकलंय!"

त्यानं ते लगेच सोडवलं. मग जांभळ्या दिव्याखाली असा हिरवा उजळला, तसा माझ्या हातून कधी उजळला नाही. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. तर हा म्हणतो, "छे, ही काकांच्या कानांची कमाल!" धड जळूही देत नाही मेला!

धाकट्या जावेच्या शिवणकामावर तू जळायचीस, तेव्हा मी हसायचो. आता नाही हसणार, शपथ.

तुझाच,
तिखट कानांचा