माल लोड, डिस्पॅच बंद

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
आठवा दिवस. काही नाही.
काल बहादरपूरला साडूकडे, निरंजनकडे, बारसं होतं. मी मावा जिलेबी नको म्हटलं तर भर पंगतीत म्हणतो, भाईसाबांचा माल लोड होतो, डिस्पॅच होत नाही! पंगत खिदळली. निर्मलासुद्धा. सख्खी बायको! बदला घेणार. लिहून ठेवतो.

५ फेब्रुवारी.
देव आहे! निरंजनची फाईल माझ्याच टेबलावर. केळीच्या चिप्सचा कारखाना टाकायचाय, शेड तयार आहे, फक्त जमिनीचं डायव्हर्शन, म्हणजे शेतीची बिगरशेती, पाहिजे. ट्रेमध्ये ठेवली आणि तृप्तीला बजावलं, ही फाईल अन् तिच्याखालचा एकही कागद हलता कामा नये. (तृप्ती नवी क्लार्क. ऑनलाइनचं सगळं तीच करते. आयडी माझा, बोटं तिची.)
डिस्पॅच कशाला म्हणतात ते आता कळेल लेकाला.

१० फेब्रुवारी.
इंदूर. तपासणीची कॅप्सूल गिळली. आत एक्स-रेत दिसणारी बारीक चोवीस कडी. पाच दिवस जुलाबाचं काही घ्यायचं नाही. नाहीतरी घेऊन काय होतं?

१५ फेब्रुवारी.
एक्स-रे. चोवीसच्या चोवीस कडी हजर. मी म्हटलं, फुल मार्क. डॉक्टर हसले नाहीत. चांगल्या पोटात पाचसुद्धा उरत नाहीत म्हणे. स्लो ट्रान्झिट. आतडं सुस्त आहे. मी सुस्त नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं.

१६ फेब्रुवारी.
इसबगोल, एरंडेल, सासूबाईंचा काढा, सकाळी बुधवारा पेठेपर्यंत पायी. अकरा वर्षं. हिमानीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, लेकीच्या सासरी एक रात्र मुक्काम केला नाही. तिला वाटतं बाबांना करमत नाही. काय सांगू पोरीला? वैताग आलाय.

२० फेब्रुवारी.
बाकी तपासण्या झाल्या. ऑपरेशन होऊ शकतं. मोठं आतडं काढायचं, लहान आतडं खाली जोडायचं. डॉक्टरांनी धोके सांगितले. नंतर दिवसातून चार-पाच वेळाही जावं लागेल म्हणे. चार-पाच! हा धोका?
तारीख २४ मार्च. खर्चासाठी ऑफिसचं परवानगीपत्र आठवडाभर आधी पाहिजे, नाहीतर तारीख दुसऱ्याला.
बरा झालो की निरंजनकडे जाणार, अर्धा किलो मावा जिलेबी खाणार आणि त्याच्याच संडासात जाणार. दोनदा.

२१ फेब्रुवारी.
परवानगीपत्रासाठी अर्ज लिहिला. ट्रेमध्ये अगदी तळाशी सरकवला. असला आजार काय चारचौघांनी वाचायचा? ट्रेमधले कागद तृप्ती रोज संध्याकाळी साहेबांकडे नेतेच.

१० मार्च.
निरंजनचा फोन. रविवारी घरी या. आवाज एकदम लोण्यासारखा. फाईलचं नाव नाही. टरकलाय.

१६ मार्च, रविवार.
बहादरपूर. मंडप. माईक. चिप्सच्या कारखान्याचं उद्घाटन!
निरंजननं माझ्याच गळ्यात हार घातला. माईकवर म्हणाला, पुऱ्या जिल्ह्यात असा फास्ट माणूस नाही, दोन दिवसांत फाईल पुढे गेली. मोबाइलवर माझं नाव दाखवत होता. टाळ्या. मी हात जोडले. दुसरं काय करणार?
तृप्तीला फोन केला. म्हणाली, सर, ते तर पाच फेब्रुवारीलाच ऑनलाइन फॉरवर्ड केलं, ट्रेमधली नुसती कॉपी आहे.

१७ मार्च. दुपारी ४.
तृप्तीकडे परवानगीपत्र मागितलं. कसलं पत्र, म्हणाली. मी ट्रे उपसला. निरंजनची कॉपी. तिच्याखाली माझा अर्ज, माझ्याच अक्षरात. तृप्ती म्हणाली, सर, तुम्हीच बजावलं होतं, फाईलखालचा एकही कागद हलवायचा नाही. ती रडवेली झाली.
साहेब शुक्रवारपर्यंत भोपाळला. इंदूरला फोन केला. तारीख गेली. आता जून.

संध्याकाळी ७.
निर्मलाला सगळं सांगितलं. निरंजनची फाईल दाबली होती, तेही. पदरानं डोळे पुसत होती, या वेळी हसत नव्हती. म्हणाली, जूनपर्यंत थांबू, पण आधी तुमचा तो ट्रे फेका. मग हिमानीला फोन लावला आणि म्हणाली, बाबांना पोटाचा त्रास आहे, अकरा वर्षांचा, आम्ही मुक्कामाला येतोय. मला विचारलंसुद्धा नाही.
निरंजननं चिप्सची दहा पाकिटं पाठवलीत.
नववा दिवस. काही नाही.