समेटाचं पदक

रविवार, १७ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय वहिनी,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं असणार आणि तुम्ही हटकून चढत असणार. लेकीला, जावईबापूंना आशीर्वाद.

हिच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. पट्टी निघाल्यावर माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "अहो, तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?" म्हटलं, तुझा डोळा मिटलेला बघून घाई केली. आता ती दिवसभर घरभर फिरते आणि कोपऱ्याकोपऱ्यातली धूळ शोधून मला दाखवते. आधीचं बरं होतं.

तुमचं जुनं घर घेतलेल्या माणसाने दाराला हिरवा रंग दिलाय. मला नाही आवडला. पण खिडकीखालची ती दगडी पायरी, जिच्यावर बसून तुम्ही पॅकिंगच्या पेंढ्यातल्या कुसळांनी फाटलेली बोटं कोमट पाण्यात बुडवायचात, ती तशीच आहे. मी मुद्दाम त्या रस्त्याने जातो.

गावची खबर म्हणाल तर गावाचे दोन तुकडे झालेत. मालकांचे छत्रीवाले आणि युनियनचे कात्रीवाले तेव्हाही होतेच, पण तेव्हाची भांडणं आठवा. आमचा दादा आणि कारखान्याच्या मालकसाहेबांचा ड्रायव्हर एकाच न्हाव्याकडे बसून तावातावाने भांडायचे आणि वस्तरा गळ्याशी आला की दोघंही चिडीचूप. आता न्हावीसुद्धा दोन झालेत, एक छत्रीवाल्यांचा, एक कात्रीवाल्यांचा. मी आलटून पालटून दोघांकडे जातो, त्यामुळे दोघंही माझे केस वाईट कापतात.

आणि सन्मान! त्यांचा तर नुसता सुकाळ. नगरपालिकेने गेल्या वर्षी 'वृक्षमित्र' कोणाला केलं माहीत आहे? ज्याने शाळेसमोरची सगळी झाडं तोडून गाड्या लावायला जागा केली, त्या गृहस्थाला. तो छत्रीवाल्यांचा. मग कात्रीवाल्यांनी आपला एक 'आदर्श वाचक' काढला. ग्रंथालयाचा हा अध्यक्ष आत फक्त उद्घाटनाला गेला होता. मी दोन्हींवर हसलो, तर दोघांनीही विचारलं, "तुम्ही नक्की कोणाचे?" वहिनी, या वयात या प्रश्नाचा कंटाळा येतो हो. एखाद्या गोष्टीला चूक म्हणायला आधी कोणाचं तरी व्हावं लागतं का?

असो. मुद्द्यावर येतो. हिने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलंय, "लिहिलंत का ते?"

काचेच्या कारखान्यातल्या संपाच्या समेटाला यंदा चाळीस वर्षं झाली. नगरपालिकेने 'शांतिदूत' म्हणून एक पदक द्यायचं ठरवलं. छत्रीवाले म्हणाले, ते साहेबांच्या नावे द्या, साहेबांनी मोठं मन केलं म्हणून समेट झाला. कात्रीवाले म्हणाले, दादाच्या नावे द्या, दादा झुकला नाही म्हणून समेट झाला. दादासाठी सर्वांत मोठ्याने कोण भांडलं हे मी सांगायला नको. लहानपणी रडून आळी उठवायचा म्हणून आपण त्याला भोपू म्हणायचो. तुमचा लेक आता कात्रीवाल्यांचा चिटणीस आहे आणि आवाज तोच आहे. सभेत खुर्च्या फेकल्या गेल्या म्हणे. वर्तमानपत्रं आठवडाभर मेलेल्या दोन माणसांना एकमेकांविरुद्ध झुंजवत होती.

शेवटी तोड निघाली. समेटाच्या फोटोत दादा आणि साहेब हात मिळवताहेत, आणि दोघांच्या मध्ये फाईल धरून एक सडपातळ कारकून उभा आहे. तो अजून जिवंत आहे आणि त्याच्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही.

होय वहिनी. पदक मला मिळालं.

हसा हवं तर. घरी पत्र आलं तेव्हा मी नको म्हणणार होतो, अगदी खरं. पण मग कोट बाहेर काढला, इस्त्रीला दिला, आरशासमोर एकदा घालूनही पाहिला. माणसाचं मन फार लबाड असतं. मी स्वतःला समजावत होतो की फाटाफुटीच्या या दिवसांत मधल्या माणसाचा मान होतोय, हे गावाच्या दृष्टीने चांगलंच. ही डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर पडली होती. म्हणाली, "तुम्ही त्या वेळी काय केलंत?" म्हटलं, फाटकापासून ऑफिसपर्यंत निरोप पोचवले. "आणि वहिनींनी?" मी कोट उतरवू लागलो. मग ती म्हणाली, "जा. पदक घ्या. आणि तिथे बोला."

म्हणून परवा गेलो.

नगरभवन भरलं होतं. डावीकडे छत्रीवाले, उजवीकडे कात्रीवाले, मधली वाट इतकी रुंद की गाडी जावी. नगराध्यक्षांनी माझ्या समतोल वृत्तीवर भाषण केलं. समतोल म्हणजे मी कोणाला कधी अडचणीत आणलं नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. पदक गळ्यात पडलं. दोन्हीकडून टाळ्या झाल्या, अगदी सारख्या, मोजून मापून.

मग मी माईकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "हे पदक चुकीच्या माणसाला मिळालंय."

लोक हसले. त्यांना वाटलं, विनय.

मी सांगितलं. संप चिघळला होता. कामगारांची मागणी रास्त होती. भट्टीजवळच्या माणसांचे डोळे जात होते आणि कारखाना साधे चष्मे देत नव्हता. पण साहेब म्हणत, फाटक सोडल्याशिवाय बोलणी नाहीत, आणि दादा म्हणे, बोलणी झाल्याशिवाय फाटक सोडणार नाही. आत म्हातारा भट्टीवाला एकटा कोळसा लोटत होता आणि त्याचे हात भरून आले होते. भट्टी विझली तर आतली काच दगडासारखी थिजते, भट्टी तडकते, आणि कारखाना कायमचा बंद पडतो. हे दोघांनाही माहीत होतं. समोरचा आधी घाबरेल, याची दोघंही वाट बघत होते.

त्या दिवशी दुपारी पॅकिंगच्या बायका फाटकावर आल्या. सगळ्यांत पुढे माझ्या वहिनी होत्या.

वहिनी, तुमचे शब्द मी सभेत जसेच्या तसे म्हटले. दादा म्हणाला, "घरी जा." तुम्ही म्हणालात, "भट्टी विझली तर तुम्ही भांडणार कशासाठी? राखेसाठी?" दादा म्हणाला, "हे तुला साहेबाने पढवलं." तुम्ही म्हणालात, "त्याने मला पढवायला आधी माझ्याशी कधी बोलायला हवं होतं. बाजूला व्हा, नाहीतर ढकला मला."

सभेत मी सांगितलं की या बायकांनी आत जाऊन कोळसा लोटला, भट्टी जिवंत ठेवली म्हणून बोलायला वेळ मिळाला. आत साहेबांनी त्यांच्यामागे पहारेकरी लावले, संपकऱ्यांच्या हेर आहेत म्हणून. बाहेर संपकऱ्यांनी त्यांना फितूर म्हटलं. समेटाच्या फोटोत त्यांतली एकही नाही. "माझा भाऊ फार मोठा माणूस होता," मी म्हणालो, "पण त्या दुपारी तो चुकत होता, आणि साहेबही चुकत होते, आणि मी खिडकीतून बघत होतो."

इथे माईक बंद पडला. पडला की पाडला, देव जाणे. मी बोलतच होतो, पण या घशातून आता किती आवाज निघणार? छत्रीवाल्यांनी टाळ्या आवरल्या, कारण संपकऱ्याच्या बायकोचं कौतुक चाललं होतं. कात्रीवाले ओरडू लागले, कारण मी दादाला चूक म्हटलं होतं. कितीतरी वर्षांत प्रथमच गावाचं एकमत झालं.

आणि भोपू उठला. पहिल्या रांगेत होता. माझ्याकडे एकदाच पाहिलं, अगदी दादासारखं, आणि त्या रुंद वाटेने चालत बाहेर गेला.

हेच लिहायला मला तीन पानं लागली. तुमच्या नवऱ्याला, माझ्या भावाला, मी भर सभेत चूक म्हणालो, तेही तो उत्तर द्यायला नसताना. तुम्हाला राग आला असेल तर तो रास्त आहे.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ए, गप्प बसा सगळे!" बुटकी होती ती. तुमच्याशेजारी पेल्यांच्या पेट्या भरायची ती. आता काठी घेऊन चालते, पण आवाज खणखणीत. म्हणाली, "खरं बोलतोय तो. मी होते आत. माझ्या हातात फावडं होतं." शेजारची आणखी एक उभी राहिली. मग भिंतीकडेची एक. मला तर ओळखूही आल्या नाहीत, इतक्या बदलल्यात. मी पदक काढलं, खाली उतरून बुटकीच्या हातात ठेवलं. तिने उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "पितळ आहे का?" मग म्हणाली, "ती कुठे असते आता? बरी आहे ना?"

काल सकाळी एका वर्तमानपत्राने मला कात्रीवाल्यांचा हस्तक म्हटलं, दुसऱ्याने छत्रीवाल्यांचा. ही नव्या डोळ्याने दोन्ही मोठ्याने वाचत होती आणि मनापासून खूश होती.

काल दुपारी भोपू आला. आत येईना, दारातच उभा. त्याच्या केसांत पांढरं दिसलं आणि मला उगीचच भरून आलं.

"काका, आई खरंच गेली होती? बाबांच्या समोरून?"

"गेली होती."

"मला कधीच बोलली नाही."

"कोणालाच बोलली नाही."

"मग बाबांनी ढकललं तिला?"

म्हटलं, अरे वेड्या, माईक गेला आणि तूही बाहेर गेलास, पुढचं तर राहूनच गेलं. ढकलायचं तर सोडच, तो बाजूला झाला. सगळा संप त्याच्याकडे बघत असताना, पुढारी असताना, अर्धं पाऊल मागे सरला. आणि वहिनी, तुम्ही जवळून जात असताना तो काहीतरी बोलला. तुम्ही थबकलात, त्याच्याकडे पाहिलंत, आणि मग आत गेलात.

"काय म्हणाले?" भोपूने विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता त्याचा.

"ऑफिसची खिडकी बंद होती. चढ्या आवाजातलं भांडण काचेतूनही ऐकू आलं, हे हळू बोललेलं नाही आलं."

वहिनी, इतकी वर्षं मीही विचारलं नाही. दादा असताना विचारवलं नाही आणि तो गेल्यावर धीर झाला नाही. ती नवराबायकोची गोष्ट, म्हणून राहू दिली. पण या पोराला वाटतं की बापाचा मान म्हणजे बाप कधीच मागे सरला नाही. त्यासाठी तो खुर्च्या फेकतो. तो आज संध्याकाळी तुम्हाला फोन करणार आहे; पत्र त्याच्यानंतर पोचेल, ठाऊक आहे. उत्तर दिलं असेल तर उत्तमच. टाळलं असेल तर, धाकट्या दिराचा हट्ट म्हणा, पुन्हा तुम्ही होऊन त्याला फोन करा. मला नाही सांगितलंत तरी चालेल.

फक्त त्याला सांगा, दादा काय म्हणाला ते.

तुमचा,
खिडकीतून बघणारा
भावजी