बारशाचं बोलावणं

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सगळ्यात आधी टपकली ती समोरच्या फ्लॅटमधली सोनाली. आमची गाडी खाली उभी राहते न राहते तोच हिचं डोकं खिडकीतून बाहेर. आली म्हणे बाळाला बघायला, आणि बघत बसली माझ्या पिशव्या. डिंक, आळीव, बाळंतशेपा, सगळं मी मेहकरहून बांधून आणलेलं. मी म्हटलं, बाई, पुण्यात असलं कुठं मिळतं. तर म्हणते, मिळतं हो आजी, फोनवर दहा मिनिटांत येतं. मी पिशवीचं तोंड बांधून टाकलं.

पणजी झाले मी! रविवारी सकाळी तनुजाला मुलगा झाला आणि आज दवाखान्यातून घरी आणलं. ही वही तिनंच दिली. म्हणाली, आजी, बाळ कधी प्यालं, कधी झोपलं ते लिहून ठेव, डॉक्टरांना दाखवायचंय. माझी शाळा चौथीपर्यंत. पण मला एकदा लिहायला बसवलं की हात थांबत नाही, तोंडासारखाच आहे.

तनूची आई, माझी लेक, तनू पाच वर्षांची असताना गेली. मग मीच वाढवली. आणि दिली कुठे, तर राजघराण्यात. जावई योगेशराव खराडीला कंप्युटरवर असतात, पण त्यांचे पणजोबा तळकोट संस्थानचे राजे होते. गावात सांगितलं तर लोक विचारतात, हत्ती कुठाय. हत्ती नाही बापा. कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आहेत, आणि भिंतीवर एक तलवार आहे, तिच्यावर योगेशराव चार्जरची वायर अडकवतात.

विहीणबाई प्रियदर्शनीताई. बोलणं थोडं, तेवढंही कापून दिलेलं. दारावर त्यांनी पाटी लावलीय, दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, वाजवल्यास दार उघडले जाणार नाही, कारण विचारू नये.

बाळ प्यालं. नऊला, साडेअकराला, दोनला, साडेचारला. चांगलं पोटभर. ढेकर दिला तो थेट राजासारखा.

बुधवार, ४ फेब्रुवारी

बारशाचं काढलं तर प्रियदर्शनीताई म्हणाल्या, अहो इंदुबाई, आमच्यात बारसं होत नाही. नाव महापालिकेच्या कागदावर लिहायचं, झालं. आपण कोणाला बोलावू नका. मी विचारलं काहून, तर पाटीकडे बोट दाखवलं. कारण विचारू नये.

मला रागच आला. हा काय कंजूषपणा, आणि तोही राजघराण्यात! पुढच्या गुरुवारी बारावा दिवस. पाळणा नाही, गाणं नाही, घुगऱ्या नाहीत? आमच्याकडे मजुराच्या घरीसुद्धा बारशाला मूठभर घुगऱ्या वाटतात.

दुपारी तनू आणि बाळ झोपलेले, विहीणबाईही त्यांच्या खोलीत पडलेल्या. दाराला काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. बेल नाही. मला वाटलं, पाटी वाचून कोणी शहाणी बाई आली. उघडलं तर एक म्हातारी, जुनेर नऊवारी, काखेत फडक्यात गुंडाळलेलं तान्हं आणि हातात मापटं. आपलं धान्य मोजायचं असतं ते, लाकडी. कितीतरी वर्षांनी पाहिलं मी. त्यानंच दार घासत होती.

नाव मुक्ताई. विचारलं, राजाच्या घरी पोर झालं म्हणे, बारसं कधी. मी बोलघेवडी, त्यात सकाळचा राग. म्हटलं, पुढच्या गुरुवारी या, बारा तारखेला. चार बायकांना घेऊन या. बाकी कोणी देवो न देवो, मी मापटं भरून घुगऱ्या देते. तिनं दोनदा विचारलं, बोलावणं नक्की ना. मी दोनदा म्हटलं, नक्की.

तिच्या नातवाचं नाव कचरू. ज्या घरी पोरं जगत नाहीत तिथं असं नाव ठेवतात, म्हणजे वरच्याला वाटावं की टाकाऊ आहे, राहू दे. मी गालाला बोट लावलं. गार होतं. म्हटलं, बाई, टोपी घाल त्याला.

बाळ प्यालं. सहा वेळा.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मुक्ताई आज दोघींना घेऊन आली. पुन्हा दुपारीच. तिघींच्या हातात मापटी. म्हणाल्या, तोवर थोडे तांदूळ घाल. दारी आलेल्या भांड्याला रिकामं परत पाठवायची आपली रीत नाही. मी वाटीनं घातले. मापटं भरेना. डबा आणून ओतला. पाच किलोचा डबा बाप्पा, आज सकाळीच भरलेला. ओतत गेले, ओतत गेले, आणि मापट्याचा तळ दिसतच होता.

मुक्ताई फक्त म्हणाली, तेव्हाही असंच झालं होतं.

खाली जाऊन वॉचमन ज्ञानदेवला विचारलं, या बायका कुठल्या. तो म्हणाला, आजी, तिसऱ्या मजल्यावर कोणीच गेलं नाही, कॅमेऱ्यात बघा. बघितलं. कॅमेऱ्यात मी दारात उभी राहून फरशीवर तांदूळ ओतत होते. पण वर येऊन पाहिलं तर फरशीवर दाणा नव्हता.

बाळ तीनदा प्यालं. रडत होतं. तनू म्हणते दूध कमी वाटतंय. आळिवाची खीर दिली.

रविवार, ८ फेब्रुवारी

तनूचं दूध आटलं. काल होतं, आज नाही. पावडरचा नवा डबा योगेशरावांनी आणला. मी झाकण काढलं तर आत कोंडा. दुसरा डबा आणला. कोंडा. दुकानदार म्हणाला, आजपर्यंत कोणाची तक्रार नाही, तुम्हीच कुठेतरी ओल लागू दिली. घरातल्या पिठाला, साखरेला, बिस्किटांना, सगळ्याला जमिनीखालच्या जुन्या धान्याच्या पेवासारखा वास येतोय.

मी प्रियदर्शनीताईंना सगळं सांगितलं. बोलावण्याचंसुद्धा. त्या खाली बसल्या. खुर्चीवर नाही, फरशीवर. मग बोलल्या, एकदम पुष्कळ. लिहून ठेवते.

दुसरी मोठी लढाई चालू होती. तळकोटच्या राजानं इंग्रज सरकारला शब्द दिला की फौजेला लागेल तेवढं धान्य पुरवतो. बदल्यात त्याला दोन तोफांची सलामी वाढवून मिळणार होती. शिपायांनी घराघरातून धान्याची सक्तीची लेव्ही काढली, बियाण्यासकट. तरणी माणसं पलटणीत गेली ती आलीच नाहीत. मागं राहिलेल्यांनी चिंचोके भाजून खाल्ले, मग झाडांच्या साली. तरी कोणी राजाविरुद्ध बोललं नाही. म्हणायचे, राजाला माहीत नसेल, कारभारी लबाड आहे.

मग राजाला मुलगा झाला. दवंडी पिटली की बारशाला या, मापटं घेऊन या, कोठार उघडू. बायका लेकरं घेऊन आल्या. दरवाजा बंद. धान्य आदल्या दिवशीच फौजेच्या ट्रकांतून गेलेलं. आत मात्र साखर वाटत होते, बँड वाजत होता. बायका तीन दिवस रांगेत बसल्या. तान्ही रांगेतच गेली. त्या दिवशी त्यांना कळलं की राजाला माहीत होतं.

पहाऱ्यावरच्या शिपायांना गोळी घालायचा हुकूम झाला. पण शिपाई त्याच गावांतले. एकाची बायको रांगेत होती. त्यानं आतून अडसर काढला. मग काय, गादी जाळली, निशाण उतरवलं, राजाचं राज्य एका दुपारी संपलं. राजा बाळाला घेऊन मोटारीनं पुण्याला पळाला. रांगेतल्या बायका म्हणाल्या, बारसं राहिलंय. बोलावलंत की येऊ.

ते बाळ म्हणजे योगेशरावांचे आजोबा. त्यांचं बारसं झालंच नाही, म्हणून वाचले. प्रियदर्शनीताईंचा विश्वास नव्हता असल्या गोष्टींवर, शिकलेल्या आहेत. पहिल्या मुलाचं बारसं त्यांनी थाटात केलं. योगेशराव दुसरे आहेत. पहिल्याबद्दल मी विचारलं नाही.

बाळ चमच्यानं साखरपाणी प्यालं. दोनदा.

सोमवार, ९ फेब्रुवारी

बाळाचं वजन पाव किलोनं कमी. डॉक्टर म्हणाले, उद्या दाखल करू. दवाखान्यातलं दूध आणलं. बाटलीत पांढरं होतं, बाळाच्या तोंडाशी नेलं की राख.

येताना लिफ्टचं दार उघडलं तर रांग. जिन्यावर, पायरी पायरीवर, खालपासून आमच्या दारापर्यंत. तनू आणि योगेशराव त्यांच्यातून चालत आले, त्यांना दिसल्या नाहीत. मला आणि प्रियदर्शनीताईंना दिसल्या. विहीणबाईंनी माझा हात धरला. नखं लागली.

बायका भांडत नव्हत्या. सरकून वाट देत होत्या. तेच वाईट वाटलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

दाखल करायला निघालो. गाडी सुरू होईना. रिक्षा बोलावली, रिक्षाही फाटकात बंद पडली. डॉक्टर घरी आले, नळी लावली, नळीतून काही उतरेना. ते सारखं घड्याळ बघत होते. उद्या अँब्युलन्स पाठवतो म्हणाले.

दुपारी मी दार उघडलं नाही. आतूनच हात जोडले. म्हटलं, मुक्ताई, मी चुकले, माझं बोलावणं मागे घेते. मी कोण बोलावणारी, मी पाहुणी. पोराचा काय दोष, त्यानं अजून दूधसुद्धा—

ती म्हणाली, कचरूचा काय होता.

मग म्हणाली, तू पाहुणी नाहीस. तू आमच्यातली. बहात्तरच्या दुष्काळात तू रांगेत होतीस.

होते. चौदा वर्षांची होते. खडी फोडायची आणि सरकारी सुकडीच्या रांगेत उभं राहायचं, लाल मिलोच्या, त्या अमेरिकेच्या ज्वारीच्या, भाकरीनं पोट दुखायचं. आईच्या कडेवर धाकटा भाऊ होता. दोघंही त्याच वर्षी गेली. मी हे तनूलासुद्धा कधी सांगितलं नाही.

मुक्ताई म्हणाली, राजाचा दरवाजा बाहेरून कधी मोडत नाही. आत आमचं कोणीतरी असावं लागतं.

बाळ प्यालं नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी — सकाळ

प्रियदर्शनीताईंना सांगितलं, मला स्वयंपाकघरात कोंडा. बाहेरून कडी लावा. मी ओरडले तरी उघडू नका. त्यांनी लगेच लावली.

तनू दाराशी रडतेय, आजीला का कोंडलं म्हणून. बाळाचा आवाज येत नाही. मधूनच येतो. मांजरासारखा.

दुपार

अँब्युलन्स आली नाही. घासतायत. सगळ्या मिळून. भिंतीतून ऐकू येतं. शंभर असतील. जास्त.

मागचं दार आहे हे कोणाच्या लक्षात कसं नाही आलं. भांडीवालीचं दार, स्वयंपाकघरातून थेट जिन्यात. कडी माझ्याच बाजूला. आतून.

जाळीतून बघितलं. बघायला नको होतं. रांगेत सगळ्यात पुढे मुक्ताई नव्हती.

आई होती. माझी आई. तीच हिरवी साडी, खडीनं फाटलेली. कडेवर धाकटा. भाकरी मागत नाहीये. माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, इंदे, किती जाड झालीस गं. बरं वाटलं. आम्हाला आत घे—

नाही. मी नाही उघडणार. तनूचं लेकरू आहे आत, माझ्या रक्ताचं. पण तोही माझ्याच रक्ताचा, तिच्या कडेवरचा, त्याचे पाय केवढेसे—

चार वाजले

गेल्या. आई शेवटी गेली. जाताना म्हणाली, घाई नाही, विचार कर. बोलावणं उद्याचं आहे, आम्ही उद्याच येऊ. बारसं दुपारी एकला.

मी कडीवरून हात काढलाय. काढलाय ना. लिहितेय म्हणजे उजवा इथे वहीवर आहे. डावा कुठे

उद्या गुरुवार. बारा तारीख. दुपारी एकला त्या