सुतकातलं तेल

माजिवडा, ठाणे
१८ जानेवारी २०२५

सुदेशदादास नमस्कार.

वहिनींचा गुडघा आता कसा आहे?

वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या आपल्या फर्मचं प्रमाणपत्र कालपासून स्थगित झालंय. तपासणी संस्थेच्या क्षिप्रा मॅडमनी फोन करून सांगितलं. तक्रार कुणी केली, ते त्या बोलल्या नाहीत. मी सांगते. मी केली.

परवा वागळे इस्टेटला फर्मच्या गेटवर मी पामतेलाचं विचारलं, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालास, "जंगलं तोडतात ती समुद्रापलीकडे गं, तुझ्या माजिवड्यात नाही. तुला काय पडलंय?" सगळे हसले. मीही हसले, त्याचाच राग आला.

आपल्या तेलाचं बायोडिझेल करणारा परदेशी ग्राहक एकाच अटीवर माल घेतो. तेल तळून झालेलंच हवं, ताजं पामतेल नको, कारण त्याच्या लागवडीसाठी जंगलं जातात. म्हणून कुठल्या दुकानाच्या कढईतलं तेल, याचा फॉर्म लागतो. ते फॉर्म मी भरते.

डिसेंबरच्या फॉर्मवर काकूंच्या डोंबिवलीच्या फरसाणाच्या दुकानातून तीनशे लिटर तेल आलंय. तीन ते पंधरा तारीख. दादा, ते काकांच्या सुतकाचे दिवस. तेरा दिवस दुकानात कढई चढली नाही. बाहेरच्या तपासनिसाला हे कळणार नाही, पण तुझं तर मुंडण झालेलं! स्वतःच्या वडिलांच्या सुतकात तळण दाखवलंस?

"तारीख चुकली, एवढं लिहून दे," म्हणतोस. नाही देणार. टाकीत ओतलेल्या नव्या पामतेलाचे रिकामे डबे ड्रायव्हर भिवाने मला दाखवलेत.

आणि फॉर्मवरची काकूंची सही. ती मी केलेली. "आई दुःखात आहे, तिला कशाला त्रास," म्हणालास आणि मी पेन उचललं. तारखा समोर होत्या, दिसत होत्या. तक्रारीतली पहिली ओळ हीच आहे. तेव्हा "तुझी सही बाहेर काढतो" ही धमकी आता तुझ्याकडेच ठेव.

गुरुवारी काकूंना सगळं सांगून आले. त्या म्हणाल्या, "ह्यांच्या सुतकात माझ्या नावाने तळलंत होय गं दोघांनी?" मी मान खाली घातली.

सोमवारी अकराला संस्थेची माणसं टाकीतले नमुने घ्यायला येणार आहेत. मी गेटवर असेन. काकूही येतायत. म्हणाल्या, "माझी सही कशी असते ते एकदा त्यांना करून दाखवते."

खोटी सही केलेली, पण आता मागे न हटणारी,
संचिता